डावी पाहिजे

“मला फक्त डावी पाहिजे.”

दुकानाच्या फळीवर दोन्ही हात टेकवून तो एवढंच म्हणाला, आणि आत्याचं शिलाई मशीन जागच्या जागी थांबलं.

“काय पाहिजे म्हणालात?”

“डावी. उजवी नको, उजवीचं मी काय करू? डावीच पाहिजे.”

आत्यानं चष्मा कपाळावर चढवला. तिला राग आला किंवा नवल वाटलं, की आधी चष्मा वर जायचा. समोरचा माणूस टवाळ दिसत नव्हता. तिशीच्या आतला, उंच, भुवया किंचित भाजलेल्या, आणि चेहऱ्यावर भाव असा, की पावशेर खिळे मागायला आलाय.

“आमच्याकडे डावी आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं. म्हणाला, तिथली घ्या. एकदा घेतली की पुन्हा बघायला नको.”

“असं म्हणाला?”

“हो. सुरुवातीला जरा कडक वाटते म्हणाला, पण मजबूत आहे.”

हे तर खरंच होतं. आत्याचा आवाज उतरला. “बसा तुम्ही,” ती म्हणाली. “चहा ठेवते. पण एक सांगा… ह्याच्या आधी होती का?”

“होती की.”

“मग ती कुठे गेली?”

“जळाली,” तो म्हणाला. “एकदम नाही, रोज थोडी थोडी जळत गेली. शेवटी टाकून दिली.”

चहा ठेवायला उठलेली आत्या होती तिथे खाली बसली.

एवढ्यात आतल्या खोलीचा पडदा सरकला आणि एक मुलगी बाहेर आली. अंगावर जाडाभरडा एप्रन, डाव्या हातात चामडं कापायची रापी, आणि ओठ असे घट्ट मिटलेले, की उघडले तर हसू बाहेर सांडेल.

“आत्या,” ती म्हणाली, “बाही. ते बाही मागतायत. वेल्डिंगच्या वेळी हातात चढवतात ती.”

त्यानं खिशातून जळक्या चामड्याचा एक तुकडा काढून फळीवर ठेवला. मनगटापासून दंडापर्यंतच्या बाहीचं जे काही उरलं होतं ते एवढंच.

“मग बाही म्हणायला काय झालं होतं?” आत्या कडाडली. तिला आता दोघांचाही राग आला होता.

आता ह्यात आत्याची चूक म्हणावी, तर तसंही नाही. त्या घरात डावी म्हणजे एकच, आत्याची भाची. लहानपणी तिनं डाव्या हातात खडू धरला, तेव्हा तिचं नाव डावी पडलं ते पडलंच. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. आई-वडिलांच्या माघारी आत्यानंच तिला वाढवलं, कात्री धरायला शिकवलं, आणि आता आत्याच्या जिवाला एकच घोर होता. “डावीला उजवायचं कसं?” हे ती दिवसातून एकदा तरी म्हणायची. त्यातली गंमत तिच्या स्वतःच्या कधी लक्षात आली नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यालाही तिनं सांगून ठेवलं होतं, की चांगलं स्थळ दिसलं तर धाड. त्यानं आज गिऱ्हाईक धाडलं होतं.

स्थळं आली नव्हती असं नाही. येऊन गेली. आत्या बोलण्याच्या भरात “आमची डावी” म्हणून मोकळी व्हायची, आणि समोरची मंडळी विचारात पडायची, की हिच्यात नेमकं डावं काय आहे? मग “कळवतो” म्हणून जायची आणि कळवायची नाहीत. असं दोन-तीनदा डावललं गेल्यावर डावीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. आता कुणी बघून, विचार करून, कळवणार असेल, तर नको. कुणीतरी सरळ येऊन आपल्याला मागावं. मागताना त्याची जीभ अडखळू नये. नाहीतर आपण, आपली रापी आणि आपली आत्या, झकास चाललंय.

आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी तसं मागितलं, तर त्याला बाही हवी होती. तिला हसू आलं ते ह्याचंच. थोडं वाईटही वाटलं, पण ते तिनं हसण्यात लपवलं.

“सुटी बाही मिळणार नाही,” आत्या म्हणाली. “आम्ही जोडी फोडत नाही. उरलेली कोण घेणार? मी काय एकट्या बाह्यांचा आश्रम काढलाय?”

“पण माझी डावीच जळते,” तो म्हणाला. “उजव्या हातात वेल्डिंगची कांडी, डावा हात पुढे. ठिणग्या सगळ्या त्याच्यावर. घरी तीन उजव्या कोऱ्या पडल्यात.”

हे बोलताना त्याची नजर मुलीच्या हाताकडे गेली. तिच्या उजव्या हातात चामड्याची बाही होती. फक्त उजव्या. आणि तिच्यावर रापीचे बारीक बारीक ओरखडे होते.

“तुम्ही डावखुऱ्या,” तो म्हणाला.

“लक्षात आलं का?”

“म्हणजे रापी डाव्या हातात, चामडं उजव्यानं दाबायचं, आणि सटकली की…”

“सटकत नाही,” ती म्हणाली. “कधीतरी सटकते.”

दोघंही आपापल्या हातांकडे बघत राहिले. सांगायची गरज नव्हती, पण तो माणूस सांगणाऱ्यातला होता. “मग डावी मला, उजवी तुम्हाला. जोडी फुटलीही नाही आणि वायाही गेली नाही.”

आत्यानं चष्मा खाली घेतला, दोघांकडे बघितलं आणि मशीन पुन्हा चालू केलं.

गावाबाहेर तेलाची मोठी टाकी बांधायचं काम चाललं होतं, आणि हा त्या टोळीतला वेल्डर. आत्या त्याला ‘टाकीवाले’ म्हणायला लागली. टाकीवाल्यांचं काम उघड्यावरचं. पाऊस आला की काम बंद, आणि काम बंद झालं की टाकीवाले दुकानात हजर. कधी बक्कल तुटलं म्हणून, कधी शिवण उसवली म्हणून. डावी सकाळी उठून आधी आभाळाकडे बघायला लागली. आत्यानं विचारलंच, तर म्हणायची, कपडे वाळत घालायचेत.

पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, खोलीत ओल्या चामड्याचा वास, आणि तो फळीशी स्टुलावर बसून विचारायचा, “बाहेर पाटीवर काय लिहिलंय ते? संरक्षक वस्त्रे. असं कुणी म्हणतं का?”

“कुणीच नाही,” ती कापता कापता सांगायची. “गॅरेजवाले डांगरी म्हणतात. कारखान्यातले साहेब त्याच डांगरीला बॉयलर सूट म्हणतात. प्रयोगशाळेतले कोट मागतात, बेकरीवाले एप्रन मागतात, आणि एप्रन तर तुम्हीही मागता. बेकरीवाल्याला तुमचा दिला तर बिचारा वजनानं वाकेल. म्हणून आधी विचारायचं, काम काय करता? मग द्यायचं.”

“आणि ते सुरक्षा अधिकारी येतात ते?”

“ते अंगरक्षक पोशाख म्हणतात. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आत्या त्यांच्या पाठीमागे कुणी बंदूकवाला उभा आहे का बघत होती.”

तो हसला, की भाजलेल्या भुवया वर जायच्या. तिला त्या आवडायला लागल्या होत्या. इतक्या, की कधी पूर्ण उगवू नयेत असं वाटायचं, आणि मग असं वाटल्याची लाज वाटायची.

“आम्ही आमच्या मास्कला तोंड म्हणतो,” एकदा तो म्हणाला. “काच असते ना पुढे, ते. ‘तोंड खाली कर’ म्हणजे मास्क खाली कर. ‘माझं तोंड कुणी नेलं’ हे तर रोजचं.”

“मग आज कशाला आलात?”

“माझं तोंड दुरुस्त करून मिळेल का, विचारायला.”

“तोंडाला आमच्याकडे इलाज नाही. पट्टा तुटला असेल तर शिवून देते.”

“पट्टाच तुटलाय. तोंड तसं ठीक आहे… आहे ना?”

“बरं आहे,” ती म्हणाली, आणि सुई शोधायला खाली वाकली. सुई तिच्या हातातच होती.

एके दिवशी त्यानं डांगरी आणली, गुडघ्याला भोक पडलेली. डावीनं ती उजेडात धरली. ठिणगीनं पडलेलं भोक तिनं काय कमी बघितलं होतं? ते गोल असतं, कडा काळी आणि कडक. हे भोक चौकोनी होतं आणि कडा अगदी स्वच्छ.

“ही ठिणगी चौकोनी होती वाटतं?”

“कधीकधी असते…”

“आणि ठिणगीच्या हातात कात्री होती?”

तो कानापर्यंत लाल झाला. “पाऊस थांबला होता,” तो हळूच म्हणाला. “काहीतरी काम काढायला पाहिजे होतं.”

आतून आत्याच्या खोकल्याचा आवाज आला. तिला खोकला नव्हता. डावीनं त्या भोकाला ठिगळ लावलं, इतकं नेटकं की पुन्हा फाडायची हिंमत होऊ नये, आणि दिवसभर गुणगुणत राहिली. आपण प्रेमात पडलोय हे तिला त्या दिवशी कळलं. कळलं आणि फार बरं वाटलं.

पण टाकी काही जन्मभर बांधत नाहीत.

“झाली,” तो एकदा येऊन म्हणाला. “शेवटचा जोड काल मारला. आता रंगारी येतील.”

“मग तुम्ही?”

“टोळी बंदरावर चाललीये. जहाजाचं काम आहे. शुक्रवारी ट्रक.”

“लांब आहे?”

“लांब आहे.”

तो स्टूल मागेपुढे डुलवत राहिला. “इकडे बॉयलरच्या कारखान्यातही एक जागा आहे म्हणतात. दुरुस्तीला माणूस हवाय त्यांना.” त्यानं तिच्याकडे बघितलं. “पण… राहायला काहीतरी कारण तर पाहिजे ना?”

आता हे वाक्य तुमच्या-माझ्या कानावर पडलं असतं तर आपण काय समजायचं ते समजलो असतो. डावीही समजली. पण तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली. कारण मी का द्यायचं? मागायचं त्यानं. सरळ मागायचं. पहिल्या दिवशी बाही मागताना कशी जीभ सरळ चालली होती. एवढं तरी माझ्यासाठी नको का?

“जहाजाचं काम चांगलं असतं म्हणतात,” ती म्हणाली.

स्टूल डुलायचं थांबलं. “हो. चांगलं असतं.” तो उठला. “मग एक जोडी लागेल. नवीन. दोन्ही बाह्या.”

“उजवी कशाला?”

“तिकडे उरलेली कोण घेणार?” तो म्हणाला, आणि पावसातच निघून गेला.

डावी आत जाऊन चामडं कापायला बसली. राग इतका आला होता, की कुणाचा ते ठरत नव्हतं. पुठ्ठ्याचा साचा चामड्यावर ठेवला, खडूनं आखलं, कापलं. पुन्हा ठेवला, आखलं, कापलं. मग दोन्ही तुकडे शेजारी मांडले आणि बघतच राहिली.

चामड्याला दोन बाजू असतात, एक गुळगुळीत, एक खरबरीत. डावी कापून झाली की उजवीसाठी साचा पालथा घालायचा असतो. ती घालायला विसरली होती. समोर दोन बाह्या होत्या, आणि दोन्ही डाव्या.

शिकत होती तेव्हाही तिनं ही चूक केली नव्हती. पण चूक सुधारणं काही अवघड नव्हतं. चामडं उरलं होतं, आणि एक उजवी कापणं म्हणजे तिच्या डाव्या हाताचा मळ. तिनं साचा पालथा घातला. रापी उचलली. आणि खाली ठेवली.

उजवी माझी आहे, तिच्या मनात आलं. ती घेऊन जायची नाही. दोन डाव्या घालून माणूस जहाजावर चढू शकत नाही. त्याला इथे, ह्या फळीशी थांबून विचारावं लागेल, भांडावं लागेल. निदान भांडायला तरी थांबेल. तिनं दोन्ही डाव्या नीट शिवल्या, बक्कल लावलं आणि कागदात गुंडाळल्या.

शुक्रवारी सकाळी पाऊस भुरभुरत होता. गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा होता, मागे टोळी बसलेली. तो आत आला, तेव्हा पिशवी खांद्यावर होती. त्यानं डावीच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. कागद सोडला, एक बाही डाव्या हातात चढवली. झक्क बसली. दुसरी उजव्या हातात चढवली, तर कोपराचा फुगा पुढे आला आणि बक्कल काखेत टोचायला लागलं.

“उलटी घालताय,” मशीनवरून आत्या म्हणाली.

“नाही हो आत्याबाई. ही डावी आहे.”

“मग दुसरी घाला उजव्या हातात.”

“ती पण डावीच आहे.”

मशीन थांबलं. चष्मा वर गेला. “डावे, दोन्ही डाव्या? ह्या दुकानातून? अगं, शिकाऊ पोरीसुद्धा—”

“चुकलं,” डावी म्हणाली.

तो बक्कल सोडवत होता. “साचा पालथा घालायला विसरलात?”

“विसरले.”

“मग लक्षात आलं नाही?”

“आलं.”

“कधी?”

“शिवायच्या आधी.”

त्याचा हात बक्कलवरच राहिला. बाहेर ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. “मग शिवल्या कशाला?” त्यानं विचारलं.

आता गुळणी धरण्यात अर्थ नव्हता. त्यानं आधी मागावं की आपण आधी बोलावं, ह्या हिशोबात ट्रक सुटला असता.

“तुम्ही उजवी मागितलीत ते मला आवडलं नाही म्हणून,” ती म्हणाली. आवाज थरथरत होता, तो तिनं थरथरू दिला. “उजवी माझी असते. तुमची डावी, माझी उजवी, असं ठरलं होतं. तिकडे उरलेली कोण घेणार म्हणालात ना? मग जाता कशाला तिकडे? तुम्ही जायला नकोय मला. पाऊस नसला तरी यायला हवंय. कारण पाहिजे होतं ना तुम्हाला राहायला? हे घ्या कारण.”

बोलून झालं आणि तिला धाप लागली. त्यानं उजव्या हातातली बाही काढली, फळीवर ठेवली. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग पहिल्या दिवशी टेकवले होते तसे दोन्ही हात फळीवर टेकवून त्यानं आत्याकडे बघितलं.

“आत्याबाई, मला डावी पाहिजे.”

“अहो, दोन दोन दिल्यात की,” आत्या वैतागली. “आणखी किती डाव्या पाहिजेत तुम्हाला? मी म्हणतेय उजवी शिवून देते, जरा दम धरा—”

“ही डावी नको,” त्यानं बाही बाजूला सारली. “ती.”

आत्यानं त्याच्या बोटाच्या दिशेनं बघितलं. बोटाच्या टोकाला तिची भाची उभी होती, एप्रनच्या टोकानं डोळे पुसत. चष्मा कपाळावरून सावकाश खाली आला आणि नाकावर बसला.

“पहिल्या दिवशी हेच म्हणालात, तर मी चहा ठेवायला उठले होते,” ती म्हणाली.

“तेव्हा बाही पाहिजे होती.”

“आणि आता नीट विचार करून म्हणताय?”

“विचार केव्हाचा झालाय. तोंड उघडत नव्हतं.”

“आधीची जळाली आणि टाकून दिली म्हणत होतात. हिला असलं काही चालणार नाही.”

“नाही चालणार.”

“कडक आहे ती.”

“गॅरेजवाल्यानं तेव्हाच सांगितलं होतं,” तो म्हणाला, आणि डावीला रडता रडता हसू फुटलं.

“मग तू,” तो तिच्याकडे वळला. तू म्हणालो हे त्याचं त्यालाही नंतर कळलं. “तू पण एकदा सांग. आत्याबाईंसमोर.”

“सांगितलं की मघाशी. किती वेळा सांगू?” ती म्हणाली. “हो. हो म्हणतेय मी.”

भोंगा पुन्हा वाजला, आणि पाठोपाठ टोळीचा मुकादम स्वतःच दारात आला, पावसानं चिंब. “अरे, तुला बाह्या आणायला पाठवलं का शिवायला? चल लवकर, सगळे खोळंबलेत.”

त्याला उत्तर द्यायला वेल्डरनं तोंड उघडलं होतं, पण आत्या आधी बोलली.

“हा नाही येणार,” ती म्हणाली. “आम्ही जोडी फोडत नाही.”

मुकादमाला काही कळलं नाही. त्यानं फळीवरच्या बाह्यांकडे बघितलं, मग त्या दोघांकडे बघितलं, आणि मग त्याला सगळंच कळलं. तो डोकं खाजवत परत गेला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, आणि गल्लीच्या टोकाला वळून कमी कमी होत गेला.

आत्या चहा ठेवायला आत गेली, आणि ह्या वेळी मध्येच बसली नाही. डावीनं उरलेलं चामडं फळीवर पसरलं. त्यानं पुठ्ठ्याचा साचा उचलून दिला.

“पालथा घाल,” तो म्हणाला.

“माहितीये मला,” ती म्हणाली, आणि साचा पालथा घातला. डाव्या दोन होत्या, त्यामुळे आता उजव्याही दोन कापायच्या होत्या.